फाट्यावर उतरणारे शेठजी

संपादकांचा फोन आला, "मॅडम, कंडक्टरच्या नोकरीतले थरारक अनुभव लिहून द्या." मी म्हटलं, थरार हवा असेल तर एकदा पावसाळ्यात आमच्या रस्त्यावरून बसने या, लिहिण्या-वाचण्याची गरजच पडणार नाही. माझ्या डोक्यात जी माणसं घर करून बसली आहेत ती वेगळीच आहेत. ती बसने आली खरी, पण आली होती चालायला.

आधी फाटा म्हणजे काय ते सांगते, कारण शहरातल्या वाचकांना थांबा माहीत असतो, फाटा माहीत नसतो. आत असलेल्या गावाची वाट जिथे डांबरी रस्त्याला येऊन मिळते, ती जागा म्हणजे फाटा. तिथे एखादं लिंबाचं झाड असतं, एखादी पानटपरी असते, नाहीतर नुसताच मैलाचा दगड. गाव कधी हाकेच्या अंतरावर, कधी दिसतही नाही इतकं आत. आमची लाल गाडी माणसाला फाट्यावर सोडते आणि पुढचं काम त्याच्या पायांवर सोपवते. अंबड, घनसावंगी, कुंभार पिंपळगाव या पट्ट्यात माझी बहुतेक नोकरी झाली. मधूनमधून साहेबांची मर्जी फिरली की भोकरदनच्या बाजूला, हसनाबादकडे ड्यूटी लागायची. पण कुठेही जा, पाटीवरच्या गावापर्यंत जाणारे थोडे आणि फाट्यावर उतरणारे जास्त.

लोकांना वाटतं कंडक्टर म्हणजे तिकीट. तिकीट आता मशीनच काढतं. कंडक्टरचं खरं काम बेलचं. एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. कोणाला कुठे उतरवायचं, फाट्याकडे धावत येणाऱ्या बाईसाठी किती थांबायचं, हे त्या बेलवर ठरतं. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. त्याने आपल्यावर भरवसा ठेवायचा आणि आपण प्रवाशांच्या चेहऱ्यांवर. माझे ड्रायव्हर शेखभाई. त्यांची माझी जोडी इतकी वर्षं टिकली की त्यांच्या घरच्या ईदला माझी वाटी वेगळी काढलेली असायची.

या नोकरीत एक गोष्ट फार विचित्र आहे. दिवसभर माणूस उभा असतो, पण चालत नाही. हलत्या पत्र्यावर तोल सांभाळत उभं राहायचं. घरी आले की फरशीसुद्धा हलल्यासारखी वाटायची. म्हणून कुंभार पिंपळगावला गाडी लावली की शेखभाई स्टेअरिंगवर डोकं टेकवायचे आणि मी बाजाराच्या मागच्या पाणंदीने शिवारात जाऊन यायचे. तूर उभी असायची, कापूस फुटलेला असायचा, आणि पायाखालची जमीन जागच्या जागी असायची. एवढ्यावर मी खूश होते. कोणती वाट कुठे निघते, हे मला असंच कळत गेलं.

मग प्रवासी विचारायला लागले. एका रविवारी जालन्याहून टोप्या घातलेली, पाठीला सॅक लावलेली मंडळी बसली. कोणी बँकेतलं, कोणी शाळेतलं, एक डॉक्टरीणबाई. निसर्गात चालायचं होतं. मी सांगितलं, कॅनॉलच्या पुलावर उतरा. काठाच्या भरावावरून गाडीवाट आहे, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मोसंबीच्या बागा. रस्ता सरळ जातो आणि कॅनॉल वळणं घेत जातो, पण पुढच्या एका फाट्याजवळ दोघं पुन्हा भेटतात. तिथे परतीला आम्हीच तुम्हाला घेऊ. परतीला फाट्यावर चिटपाखरू नाही. माझा जीव टांगणीला. पुलापाशी आलो तर पहिल्याच शेतात आगटी पेटलेली, आणि ही सगळी मंडळी तिच्याभोवती मांडी घालून हुरडा खात बसलेली. शेतकऱ्याने त्यांना पुढे सोडलंच नव्हतं. "आमच्या रानावरून पाव्हणे तसेच जातेत व्हय?" तो उलट मलाच विचारत होता. पूल दिसेनासा होईल इतकंही ती मंडळी चालली नव्हती. बोटं काळी, ओठ काळे, आणि चेहरे मात्र लग्नाहून परतल्यासारखे. मलाही एक गरम पुडी मिळाली. शेखभाईंनी गाडी चालवता चालवता तिचा निम्मा भाग संपवला.

शेठजींची गोष्ट याच कॅनॉलच्या वाटेची आहे.

सोहनलालजी त्यांचं नाव. हे मी इथे बदलून लिहिलं आहे. जालन्याला कापडाचं दुकान, आता मुलगा बघतो. पांढरा झब्बा, पायजमा, काळी टोपी, आणि ऊन असो नसो काखेत छत्री. पंचाहत्तरीच्या पुढचे असल्याने त्यांचा प्रवास फुकट, त्याचा त्यांना फार संकोच. "फुकट बसून राह्यलो बाई," असं दर वेळी म्हणायचे आणि मी दर वेळी शून्याचं तिकीट हातात द्यायची. आठवड्यातून एकदा तरी ते सकाळच्या गाडीने यायचे आणि कॅनॉलच्या पुलावर एकटेच उतरायचे. परतीला पुढच्या फाट्यावर छत्री टेकून उभे असायचे, पायजम्याला घोट्यापर्यंत धूळ.

आता जालन्याचा शेठ माणूस मोसंबीच्या बागा न्याहाळत कॅनॉलच्या कडेने एकटा फिरतोय म्हटल्यावर आमच्या भागात एकच अर्थ निघतो. जमीन बघतोय. दोन महिन्यांत त्या पट्ट्यात बोभाटा झाला. कोणी म्हणे जिनिंग काढणार, कोणी म्हणे शीतगृह. फाट्यावर गयाबाई पेरूची पाटी घेऊन बसायची. तिने एकदा गाडीच्या दारालाच धरलं.

"बाई, शेठ कुणाचं रान घेऊन राह्यले? भाव काय फुटला?"

"मला काय माहीत गयाबाई."

"तुमाला न्हाई मालूम तं कोनाला मालूम! आमचीबी पट्टी हाय थितं, नाव सुचवा आमचं."

शेवटी मी शेठजींनाच विचारलं. ते इतके हसले की टोपी काढून डोकं पुसावं लागलं. म्हणाले, "जमीन? आता मला किती जमीन लागनार बाई! मी चालायचा सराव करून राह्यलो."

"कशासाठी सराव?"

"पोरीसोबत चालायचं हाय," एवढंच म्हणून ते खिडकीबाहेर बघायला लागले.

त्याचा अर्थ मला दिवाळीनंतर कळला, आणि तोही फजिती होऊन. थंडी पडायला लागली होती, तरी दुपार तापायचीच. पूल अजून पुढे होता. रस्त्याच्या कडेने पांढऱ्या कपड्यांतल्या चार बायका चालल्या होत्या. तोंडावर पांढरी पट्टी, पाठीवर पोथ्यांचं आणि कपड्यांचं ओझं, आणि पाय उघडे. डांबरावर उघडे पाय! मला राहवेना. एक बेल मारली, गाडी थांबली, दार उघडून मी ओरडले, "ताई, चढा आत! तिकिटाचं बघू मागून!"

चौघी थांबल्या. सगळ्यात मोठ्या होत्या त्यांनी हात जोडले. "आम्ही वाहनात बसत नाही, ताई. तुम्ही थांबलात, तेवढं पुष्कळ. दया पाळा." गाडीतली माणसं हसायला लागली. मागे वळून बघते तर शेठजी सीटवरून उठून उभे, दोन्ही हात जोडलेले, डोळे मिटलेले. "मला इथंच उतरू द्या," ते म्हणाले. ते उतरले, चौघींच्या बरेच मागे उभे राहिले, आणि त्या चालायला लागल्यावर मागून चालायला लागले. दोन बेल मारताना मी पाहिलं, रांगेत सगळ्यात शेवटी जी साध्वी होती तिचं आणि शेठजींचं कपाळ अगदी एकसारखं होतं.

परतीला फाट्यावर शेखभाईंनी गाडी बंद करून ठेवली, कारण शेठजी अजून पोहोचले नव्हते. बऱ्याच वेळाने कॅनॉलवरून तीन साध्वी आल्या आणि लिंबाखाली थांबल्या. मग खूप मागून चौथी, आणि तिच्या मागे काही अंतरावर शेठजी. साध्वींनी मांगलिक, म्हणजे निरोपाचा मंगलपाठ, म्हटला, शेठजींनी मान खाली घालून ऐकलं, आणि त्या गावाच्या वाटेला लागल्या. शेठजी गाडीत चढले ते माझ्याच शेजारच्या सीटवर बसले. त्या दिवशी ते पहिल्यांदा मोकळे बोलले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. जैन साध्वी पावसाळ्याचे चार महिने एका गावात राहतात, आणि बाकीचे महिने पायी हिंडतात, त्याला विहार म्हणतात. वाहन नाही, पायात चप्पल नाही, उन्हं मावळली की पाण्याचा थेंबही नाही. चालताना बोलायचं नाही, नजर पुढच्या जमिनीवर ठेवायची, मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून. पुरुषाचा स्पर्श नाही, मग तो पुरुष जन्म देणारा बाप का असेना. घरच्या लोकांनी त्यांच्याबरोबर चालायला हरकत नसते. जालन्याचे लोक असेच पुढच्या मुक्कामापर्यंत चालत जातात आणि बसने घरी येतात. कोणत्या वाटेने विहार चालला आहे ते त्यांच्या मोबाइलच्या ग्रुपवर येतं. शेठजींची मुलगी अशी साध्वी झाली होती. कधी वर्षाने, कधी दोन-तीन वर्षांनी ती आपल्या गुरुणींबरोबर या भागातून जायची, आणि मधला सगळा काळ शेठजी त्यासाठी गुडघे शाबूत ठेवत होते.

"तिची आई होती तव्हा पाया पडताना पोरीचे पाय धरायची," शेठजी म्हणाले. "बाईमाणसाला चालतं. आई गेली. आता मी मागून चालतो, बस. चालताना ती बोलत न्हाई, ते बराबर हाय. पण बगतबी न्हाई बाई. एकदाबी न्हाई. तिला मी दिसतो का न्हाई, हेच मला मालूम होईना."

"विचारा ना एकदा, थांबल्यावर."

"कसं विचारू? ते म्हंजे तिला माघारी संसारात ओढनं झालं." जरा वेळ ते छत्रीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. "दीक्षेच्या टायमाला आई-बापाची आज्ञा लागते. आईनं रडत रडत दिली. मी हसत दिली, समाजासमोर, फेटा बांधून. पोरीला कुठं वाटू नये की बापाचं मन न्हाई. आता वाटतं, तिला असं तं नसंल वाटत, की बापानं खुशीखुशी देऊन टाकलं?"

मी तिकिटं काढायला उठले, पण माझं लक्ष लागेना. आपल्या पोटच्या पोरीच्या मनात आपण आहोत की नाही, एवढंच या माणसाला मरायच्या आत कळायला हवं होतं, आणि विचारायची सोय नव्हती.

दुसरी काळजी त्यांनी जाता जाता बोलून दाखवली. पोर अशक्त झाली आहे. "बाकीच्या तिघी पुढं निघून जातेत, ही मागं पडती. उपास लई करती. लहानपनी टायफाइड झाल्ता, तव्हापासून पायात दम न्हाई. मंग मीबी हळूहळू चालतो. मागून कोनी घाई करून राह्यलं असं तिला वाटू नये." मग मला म्हणाले, "बाई, तुम्हाला वाटा मालूम हायेत. मोठ्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या कशा येतेत तुम्ही बघता. पोरीला झेपंल अशी वाट सांगत जा." तेव्हापासून विहाराची वाट ठरायच्या आधी जालन्याहून मला फोन यायचा. कुठे भराव खचलाय, कुठे येड्या बाभळीने वाट धरलीय, पाणी सोडलंय का, हे मी सांगायची. इतक्या वर्षांच्या नोकरीत वरच्या साहेबांनी मला कधी काही विचारलं नाही, त्यामुळे या फोनचा मला जरा तोराच होता.

पुढच्या वेळी त्या आल्या तेव्हा माझी साप्ताहिक सुट्टी होती. शेठजींचा एक गुडघा तोवर कुरकुरायला लागला होता. त्यांच्या सूनबाईंनी विचारलं, "तुम्ही असाल का बरोबर?" मी गेले. प्रवासी म्हणून बसमध्ये बसायला मला फार अवघडल्यासारखं झालं. त्या दिवशीच्या कंडक्टरने बेल उशिरा मारली की माझा हात उगाच वर जायचा.

कॅनॉलला पाणी होतं. रब्बीसाठी सोडलेलं, गढूळ, पण भरून वाहणारं. मोसंबीच्या बागेला त्या दिवसांत एक कडवट-गोड वास असतो. चौघी पुढे, मी आणि शेठजी मागे. थोड्या वेळात तिघींच्या आणि आमच्यातलं अंतर वाढलं. शेवटची मात्र आमच्या पुढेच, चार-पाच झाडांच्या अंतरावर. शेठजी थांबून गुडघा चोळायचे, तेवढ्यात ती कुठे पुंजणीने, म्हणजे जीवजंतू सारायच्या मऊ झाडणीने, वाटेवरचं काही बाजूला करत असायची, कुठे खांद्यावरची झोळी सारखी करत असायची. माझ्या मनात आलं, खरंच, पोरीच्या पायात काही दम नाही. चारचौघांसारखी संसारात असती तर डॉक्टर केला असता, रक्त वाढायच्या गोळ्या दिल्या असत्या.

मग ती एकदम थांबली. खाली बसली. मी पुढे धावले. बाभळीचा काटा तळव्यात आरपार म्हणावा इतका खोल गेला होता. मी साडीची सेफ्टी पिन काढली आणि पाय धरायला वाकले, तर तिने पाय मागे घेतला. मोठ्या साध्वी माघारी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "गृहस्थांची सेवा आम्ही घेत नाही. पिन मात्र द्या, उसनी." मी द्यायला हात पुढे केला. तशीही नाही, जमिनीवर ठेवायची. मी ठेवली. त्यांनी उचलली आणि काटा कोरायला लागल्या. रक्त आलं. पोरीने तोंडातून आवाज काढला नाही. मी मागे वळून पाहिलं. शेठजी एका मोसंबीच्या झाडाकडे तोंड करून उभे होते आणि छत्री दोन्ही हातांनी अशी धरली होती की ती मोडते की काय असं मला वाटलं. एवढ्या जवळ उभं राहून बापाला एक शब्द बोलता येत नव्हता. मला त्या नियमांचा राग आला, खोटं कशाला सांगू. काटा निघाला, मोठ्या साध्वींनी पिन पुसून पुन्हा जमिनीवर ठेवली, आणि सगळ्या उठल्या. पोरीने ना माझ्याकडे पाहिलं ना बापाकडे. मघापेक्षाही हळू चालायला लागली.

परतीच्या गाडीत शेठजी छत्री गुडघ्यांत धरून बसले. अंबड आलं तेव्हा म्हणाले, "काटा निघाला तव्हा वाटलं, आता तरी बगंल. न्हाई बगितलं." आणि मग स्वतःच स्वतःची समजूत काढल्यासारखं, "साध्वी म्हनून पक्की हाय. चांगलंच हाय ते." चांगलंच आहे असं म्हणताना त्यांचा चेहरा मला बघवेना.

त्यानंतर त्यांचा गुडघा बसलाच. ऑपरेशन झालं, पण वय झालेलं, जखम लवकर भरेना, मग घरातच एकदा पडल्याचं निमित्त झालं. सकाळच्या गाडीत ती छत्री दिसेनाशी झाली. गयाबाईने विचारलं, "शेठनं रान घेतलं न्हाई शेवटी?" मी नाही म्हटलं. "बरं झालं, भाव पडलेत," ती म्हणाली. त्या वाटेने चालणारेच कमी झाले होते. पोरासोरांकडे मोटारसायकली आल्या, फाट्यावर कोणी न्यायला आलेलं असतं. बऱ्याच फेऱ्याही बंद झाल्या. शेखभाई म्हणायचे, "मॅडम, अब फाटेपे झाड ही चढेंगे गाडी में."

माझं निवृत्तीचं वर्ष होतं. दिवाळी होऊन गेलेली. घनसावंगीकडे निघालो होतो आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या रस्ता अडवून चाललेल्या, त्यामुळे गाडी रांगत होती. पुलाच्या अलीकडे रस्ता आणि कॅनॉल बराच वेळ शेजारून जातात. मला भरावावर पांढरं दिसलं. त्याच चौघी. मी दारात येऊन उभी राहिले. आधी ओळखच पटेना, कारण रांग उलटी झाली होती. शेठजींची पोर सगळ्यात पुढे होती. पुढे म्हणजे कशी, मान खाली, नजर जमिनीवर, सगळं नियमाप्रमाणे, पण पाऊल असं पडत होतं की मागच्या तिघी अक्षरशः ओढल्या जात होत्या. मोठ्या साध्वी तर बऱ्याच मागे राहिल्या होत्या. लंगडणं नाही, दमणं नाही, झोळी सारखी करणं नाही. आमची गाडी ट्रॉलीमागे अडकलेली आणि ती आमच्या पुढे चाललेली.

"ये वोही है क्या?" शेखभाईंनी आरशातून विचारलं.

"हो, त्याच."

"ये तो गाडी को पीछे छोडेगी!"

परतीला मी फाट्यावर नजर लावून बसले होते. नेहमी इथे आम्ही त्यांची वाट बघत थांबायचो. कोणी नव्हतं. गयाबाई म्हणाली, "त्या व्हय? त्या कव्हाच्याच गेल्या की! ती म्होरची तं वाऱ्यावानी गेली बाई." थांबायची एक बेल मी मारलेली होती, निघायच्या दोन मारायच्या विसरले. शेखभाईंनी दोनदा हाक मारली तेव्हा भानावर आले. इतकी वर्षं मी जिला अशक्त समजत होते, जिच्यासाठी सोप्या वाटा शोधत होते, तिच्या पायांना कधी काहीच झालेलं नव्हतं.

ड्यूटी संपल्यावर युनिफॉर्म न बदलताच शेठजींकडे गेले. दुकानाच्या वरच्या मजल्यावर खिडकीशी त्यांची खुर्ची होती, शेजारी वॉकर. मला बघून त्यांना आनंद झाला. "आल्त्या का त्या? ग्रुपवर मेसेज आल्ता. मला कोन नेनार आता." मी समोर बसले आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं. मग विचारलं, "सगळ्यात म्होरं?"

"सगळ्यात पुढे."

"लंगडत न्हव्हती?"

"बिलकुल नाही. मागच्या तिघींना गाठता येत नव्हतं तिला."

"तुम्ही दुसरं कोनी बगितलं असंल बाई. ती हळू चालती. मी इतक्या वेळा मागून चाललो, मला मालूम हाय."

"शेठजी," मी म्हटलं, "तुम्ही मागून चालायचे, तेव्हाच ती हळू चालायची."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खिडकीकडे. कुठे कुठे ती थांबली होती ते सगळं त्यांना आठवत असणार, मला ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग ते बोलले ते रागावूनच.

"हे बराबर न्हाई. दीक्षा घेतल्यावर बापासाठी पाय आवरायचा न्हाई. मोह म्हन्तेत याला. दोष लागतो तिला." असं म्हणत होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मग त्यांनी दोन्ही हात जोडले, डोळे मिटले, आणि पुटपुटले, "मिच्छामि दुक्कडं." केलेल्या चुकीची क्षमा मागताना त्यांच्यात असं म्हणतात.

"तुम्ही कशाला माफी मागता?" मी विचारलं.

"तिचा दोष मी घेतला माझ्यावर."

"असा दुसऱ्याचा घेता येतो?"

"न्हाई येत," शेठजी म्हणाले. "आमच्या धर्मात ज्याचं त्यालाच फेडावं लागतं. बापालाबी घेता येत न्हाई." मग त्यांनी झब्ब्याच्या बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले, "तरीबी घेतला."